विस्मृतीच्या आजाराला सावड हवी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सर्वांनीच कधी ना कधी हसत हसत वापरली आहे. आजोबा कपाळावरचा चष्मा घरभर शोधू लागले की आपण ती म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. परंतु या म्हणीने आपले मोठे नुकसान केले आहे, असे आम्हांला वाटते. साठी आली की बुद्धी जाणारच असे मनाने एकदा धरले, म्हणजे जिथे खरोखर आजार असतो तिथेही तो आपल्या ध्यानात येत नाही. आणि ध्यानात आला तरी 'आता करायचे काय राहिले?' म्हणून आपण हात टेकतो.

या पानावर आपण सोयाबीनवरील किडीविषयी, गव्हाच्या पेरणीविषयी, जनावरांच्या लसीविषयी वाचता. आज आम्ही माणसाच्या एका आजाराविषयी लिहीत आहोत. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. मराठीत त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरचा आजार. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: निदान झाले म्हणजे माणूस संपला असे नव्हे. त्याला आणि त्याच्या घरच्यांना पुढची पुष्कळ वर्षे बरी काढता येतात. मात्र ती एकट्या घराच्या बळावर निघत नाहीत. त्यासाठी साऱ्या धर्मग्रामाने सावड धरली पाहिजे.

किती घरांचा हा प्रश्न?

आपल्या देशातील वृद्धांची मोठी पाहणी होऊन तिचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा आजार असावा, आणि देशात असे सुमारे 88 लाख लोक असावेत, असा अंदाज त्यात आहे. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, असेही त्यात दिसून आले. म्हणजे हा शहरातल्या सुशिक्षित, बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे आणि मातीत राबणाऱ्याला तो होत नाही, ही आपली समजूत खोटी ठरली.

हे गणित देशाचे आहे, आपल्या गावचे नव्हे. तरीही ज्या धर्मग्रामात साठीपुढची शंभर माणसे आहेत तिथे अशी पाच-सात घरे असणार, असे धरून चालण्यास हरकत नाही. मग ही माणसे रविवारी मिस्साला का दिसत नाहीत? घरच्यांनी त्यांना आणणे सोडले आहे म्हणून. कोणी मध्येच मोठ्याने बोलतो, कोणी उठून चालू लागतो, कोणी शेजाऱ्याचे नाव विसरतो, आणि लोक वळून पाहतात. लाज वाटून घरचे दार लावून घेतात. आजाराइतकेच दुःख या लावलेल्या दाराचे आहे.

लाज बरीचशी शब्दांतून येते. 'म्हातारचळ', 'डोके फिरले', 'बाहेरचे लागले' असे आपण म्हणतो. जपानमध्येही या आजाराला पूर्वी मूर्खपणाचा अर्थ येईल असा शब्द होता. तेथील सरकारने 2004 साली तो शब्द बदलला. आपल्याला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आपण आजपासूनच 'विस्मृतीचा आजार' म्हणू लागलो तर निम्मे काम होईल.

म्हातारपण की आजार?

मंडईत भेटलेल्या ओळखीच्या व्यापाऱ्याचे नाव आठवले नाही आणि संध्याकाळी जेवताना आठवले, तर ते वय झाले. परंतु चाळीस वर्षे ज्या वाटेने गेलो त्या स्वतःच्या शेतावरून घरची वाट सापडत नाही. विहिरीवरची मोटार चालू केली हेच ध्यानात राहत नाही. हातातल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजूनही हिशेब लागत नाही. एकच प्रश्न तासाभरात दहा वेळा विचारला जातो. नेहमीची भाजी करताना पुढे काय घालायचे ते सुचत नाही. असे होऊ लागले तर तो आजार असू शकतो. स्वभाव बदलणे हीदेखील खूण आहे. शांत माणूस संशयी होतो, बोलका माणूस कोपरा धरून बसतो.

अशा वेळी डॉक्टरांकडे लवकर जावे. विसरण्याची काही कारणे बरी होण्यासारखी असतात. शरीरात ब-12 जीवनसत्त्व कमी पडणे, थायरॉईड मंदावणे, मनाची खोल उदासी, डोक्याला मार लागून आत रक्त साचणे, किंवा चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम, यांमुळेही माणूस विसराळू दिसतो. ही कारणे साध्या तपासण्यांनी सापडतात आणि त्यांवर इलाज आहे. डॉक्टरांकडे जाताना घरातली सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत, सर्दी-खोकल्याच्या आणि झोपेच्या गोळ्यासुद्धा. त्यांतल्या काही वृद्धांच्या डोक्यात गोंधळ वाढवतात. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवली तर मेंदूला होणारे आणखी नुकसान पुष्कळ टळते.

आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे, मग गरजेप्रमाणे इंदूरला. आपल्या एम. वाय. रुग्णालयात मेंदूचे आणि मनाचे आजार पाहणारे डॉक्टर आहेत. 'लोक म्हणतील, म्हाताऱ्याला बाणगंगेला नेले' या भीतीने थांबू नये. कान दुखला तर आपण कानाच्या डॉक्टरकडे जातोच ना?

निदान अल्झायमरचे झाले तर सत्य हे आहे की तो आजार मुळापासून घालवणारे औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात. तेव्हा बुद्धी परत आणून देण्याचे तेल, चूर्ण वा ताईत विकणाऱ्याला पीक विकून आलेला पैसा देऊ नका. प्रार्थना अवश्य करा, परंतु डॉक्टरच्या जागी नव्हे. बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात म्हाताऱ्या बापाची बुद्धी चालेनाशी झाली तरी मुलाने त्याला सांभाळून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याचा अपमान करू नये, असाही उपदेश आहे. हा आजार आजकालचा नव्हे आणि देवाच्या वचनाला अनोळखी नव्हे, हे यावरून दिसते.

ज्याला निदान सांगितले आहे त्याच्याशी दोन शब्द

आपण आजाऱ्याविषयी बोलतो, आजाऱ्याशी बोलत नाही, ही आपली खोड आहे. म्हणून हे थेट त्याच्यासाठी. बाबा, काका, आई, मावशी, डॉक्टरांनी या आजाराचे नाव घेतले म्हणजे उद्या सकाळी सर्व काही पुसले जाणार आहे असे नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा आजार हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने वाढतो. सुरुवातीच्या काळात आपल्याला पुष्कळ काही करता येते.

एक लहान वही खिशात ठेवा. बी-बियाण्याचा हिशेब, औषधाची वेळ, कोणाला काय सांगितले, ते लिहीत चला. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या. चष्मा, किल्ली, जपमाळ यांची जागा एकच ठरवा. आपले नाव, गाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात शिवून घ्या. आणि आपल्याला काय आवडते, काय नको, पुढे आपले कोणी पाहावे, हे घरच्यांना आताच सांगून ठेवा. हे सांगताना डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. त्यात विश्वास कमी पडला असे काही नाही. गेथशेमानी बागेत प्रभूचाही जीव व्याकूळ झाला होता, आणि आपल्याबरोबर जागे राहा असे त्यानेही मित्रांना सांगितले होते.

काम काढून घेऊ नका

निदान कळले की घरचे प्रेमापोटी पहिली चूक करतात. 'आता तुम्ही बसा' असे म्हणतात. ज्याने साठ वर्षे माती सोडली नाही त्याला खाटेवर बसवले की तो महिन्याभरात निम्मा होतो. हात चालत राहिले तर मन अधिक काळ जागे राहते. कालची गोष्ट विसरणाऱ्याच्या हातांत पन्नास वर्षांपूर्वीचे काम शाबूत असते. तेव्हा काम काढू नका, धोका काढा.

लावणीसाठी लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणे, बियाण्यातले फुटके दाणे निवडणे, शेंगा फोडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, गाईला पाणी दाखवणे, मेथीची जुडी बांधणे, ही सारी कामे त्याची आहेत. काम चुकले तर गुपचूप नीट करून घ्यावे, त्याच्यासमोर उसवू नये. विळा, थ्रेशर, ट्रॅक्टर आणि मोटारीचा स्टार्टर मात्र त्याच्या हाती देऊ नये.

धोक्यांत पहिला नंबर फवारणीच्या औषधाचा. उरलेले औषध शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. लेबल वाचण्याचे भान ज्याला उरले नाही तो ती बाटली सरळ तोंडाला लावील. औषध मूळ डब्यातच, कुलुपात ठेवा. विहिरीला कठडा नसेल तर निदान काटेरी कुंपण तरी घाला. रात्री अंगणात आणि मोरीच्या वाटेवर दिवा ठेवा. दाराला घुंगरू किंवा घंटा बांधा, म्हणजे तो रात्री बाहेर निघाला तर कळेल.

बोलावे कसे?

आपण सर्वजण एक परीक्षा घेतो. समोर उभे राहतो आणि विचारतो, 'सांगा बरे, मी कोण?' बिचारा गोंधळतो, आपण हसतो किंवा हिरमुसतो. ही परीक्षा बंद करावी. जवळ जाऊन, डोळ्यांसमोर येऊन, स्वतःच सांगावे, 'बाबा, मी तुमची धाकटी सून, चहा आणलाय.' वाक्य लहान असावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि उत्तराची वाट पाहावी.

तो म्हणेल, 'आई कुठे गेली?' आई जाऊन चाळीस वर्षे झाली, हे त्याला दर वेळी सांगितले तर त्याला दर वेळी नवे सुतक लागते. त्यापेक्षा 'आईची आठवण येते का? ती भाकरी कशी करायची?' असे विचारावे. यात खोटे बोलणे नाही. जे त्याच्या मनात आहे तिथे आपण जाऊन बसतो, इतकेच.

दिवेलागणीच्या वेळी पुष्कळ रुग्णांची घालमेल वाढते. घरीच असून 'मला घरी जायचे आहे' म्हणतात. त्या वेळी दिवे लवकर लावावेत, गडबड कमी करावी आणि सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी. ज्याला स्वतःच्या नातवाचे नाव आठवत नाही त्याच्या ओठांवर लहानपणी शिकलेल्या प्रार्थना आणि गीते पुष्कळदा अखंड असतात. जुने पाठ आणि गाणी मेंदूत बराच काळ तग धरतात, असे डॉक्टरही सांगतात.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी फार बिघडला, बडबडू लागला किंवा उठेनासा झाला, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. लघवीचा दाह, ताप, अंगातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ किंवा पडून डोक्याला लागलेला मार, असे काहीतरी त्यामागे असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सांभाळणाऱ्याची पाठ

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या आजारात एक माणूस आजारी पडतो, परंतु दुसरा माणूस झिजतो. तो दुसरा माणूस बहुधा बाई असते. पत्नी, सून किंवा लग्न न झालेली मुलगी. पहाटे धार, मग स्वयंपाक, मग शेत, आणि या सगळ्यात दिवसभर 'कुठे चाललात?', 'परत या', 'जेवलात ना आत्ता'. रात्री झोप नाही. त्यात आजाराचा एक क्रूर भाग असा की रुग्ण बहुधा जवळच्यावरच आळ घेतो. 'हिने माझे पैसे चोरले', 'ही मला उपाशी ठेवते.' दुपारी पाच मिनिटे डोकावणारी शेजारीण ते खरे मानते आणि गावभर करते. बंधुभगिनींनो, असे बोलणे कानावर आले तर ते आजाराचे बोलणे आहे असे समजा आणि पुढे नेऊ नका. जिभेचे पाप आपल्याला लहान वाटते, पण त्या सुनेच्या पाठीवर ते पोत्यासारखे पडते.

'अस्तु' नावाचा मराठी चित्रपट काहींनी पाहिला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो काढला. 2013 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला दोन पुरस्कार मिळाले. संस्कृतचे एक गाढे पंडित विस्मृतीच्या आजाराने ग्रासलेले असतात. ते हत्तीच्या मागे जात हरवतात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. ती गरीब बाई त्यांची भाषा नीट जाणत नाही, त्यांची विद्वत्ता जाणत नाही. तिच्यापुढे आलेला म्हातारा लेकरासारखा झाला आहे एवढे तिला कळते, आणि ती त्याला लेकरासारखे जपते. मुलगी मात्र वडिलांवर जीव असूनही थकून गेलेली असते. आम्हांला यातून एवढेच कळले की प्रेम असूनही घर थकते, आणि थकलेल्या घराला परक्याचा हात लागतो.

सवड आणि सावड

आपल्यापैकी ज्यांचे वाडवडील महाराष्ट्रातून इकडे माळव्यात आले त्यांना सावड आणि इर्जिक हे शब्द नवे नाहीत. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी, ही सावड. ज्याची नांगरट मागे पडली त्याच्या शेतात साऱ्या गावाने औते घालून एका दिवसात काम उरकायचे आणि त्याच्या घरी जेवायचे, ही इर्जिक. त्यात कोणी कोणावर उपकार करत नसे.

हीच रीत आपण विस्मृतीच्या आजाराला लावावी, अशी आमची सूचना आहे. वस्तीवरच्या प्रत्येक ख्रिस्ती समूहाने असे एखादे घर आपले मानावे. चार घरांनी आठवड्यातून एकदा दोन-दोन तासांची पाळी घ्यावी. त्या दोन तासांत करायचे काय? आजोबांशेजारी बसायचे, बांधापर्यंत चालवून आणायचे, शेंगा फोडायच्या, जपमाळ म्हणायची. तेवढ्या वेळात सुनेने न्हावे, झोपावे, बाजारहाट करावा, किंवा काहीही न करता बसावे. चार घरांचे दोन-दोन तास म्हणजे आठवड्याला आठ तास. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत पाळी वाढवावी, कारण त्या दिवसांत अशा घराची ओढाताण सर्वांत जास्त होते.

यावर कोणी म्हणेल, 'आम्हांला आमच्याच शेतीतून सवड नाही.' त्याला आमचे उत्तर: सवड नसते म्हणूनच सावड असते. ज्यांना भरपूर सवड होती त्यांना सावडीची गरज कधी पडलीच नाही. दुसरा कोणी म्हणेल, 'घरची गोष्ट घरात राहावी.' हे अर्धे खरे आहे. जे कळले ते बाहेर बोलू नये, हा नियम पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाने कसोशीने पाळावा. परंतु घराची अब्रू लावलेल्या दाराआड सुरक्षित राहते हे खरे नाही. दाराआड फक्त दमणूक वाढते आणि एके दिवशी हात उगारला जातो.

देवळातही जागा करावी लागेल. दाराजवळचा एक बाक अशा कुटुंबासाठी मोकळा ठेवावा, म्हणजे लागेल तेव्हा त्यांना सहज उठून जाता येईल. मिस्सा चालू असता आजोबा मोठ्याने बोलले तर कोणी वळून पाहू नये. यायला जमत नसेल त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्यासाठी फादरांना कळवावे. आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो, हेही पुष्कळांना अजून माहीत नाही.

आणि गावाला सांगून ठेवावे. किराणा दुकानदार, दूध घेणारा, बसवाला, शाळेतली मुले, या सर्वांना ठाऊक असावे की अमुक आजोबा एकटे दिसले तर ओरडायचे नाही, हात धरून ओढायचे नाही. सोबत चालायचे, गप्पा मारायच्या आणि वळवून घरी आणायचे. जपानने 2005 पासून असे साध्या माणसांना शिकवायला सुरुवात केली आणि एक कोटीहून अधिक लोक तिथे तयार झाले. त्यांत दुकानदार आहेत, बँकेचे कारकून आहेत, शाळकरी मुले आहेत. शिकवणी तास-दीड तासाचीच असते. आपल्याला ती एका रविवारी मिस्सानंतर घेता येईल.

अंगठा आणि जमीन

एक कठीण गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ज्याला काल काय झाले ते आठवत नाही त्याचा अंगठा कागदावर उमटवणे सोपे असते. हे करणारे बहुधा परके नसतात.

उदयनगरच्या गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवताना सिस्टर राणी मारिया यांनी 25 फेब्रुवारी 1995 रोजी आपले प्राण दिले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी आपल्या इंदूरमध्येच त्यांना धन्य घोषित करण्यात आले, आणि आपल्यापैकी कित्येक त्या सोहळ्याला हजर होते. त्यांची तसबीर आपण घरात लावतो. त्याच घरात विसरणाऱ्या बापाचा अंगठा घेतला जात असेल, तर त्या तसबिरीपुढे उभे कसे राहायचे?

म्हणून निदान झाल्यावर, माणूस समजून बोलू शकतो तोवर, व्यवहार उघडपणे निस्तरावेत. मृत्युपत्र करायचे तर ते समजत असतानाच करावे. त्यावर दोन साक्षीदार लागतात, आणि त्या वेळी मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत ठेवला तर पुढचे भांडण टळते. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नये. करून देणाऱ्याची समज गेली की साधे मुखत्यारपत्र आपल्या कायद्याने संपते. कोणी मुलाच्या नावे जमीन करून देणार असेल तर 'शेवटपर्यंत सांभाळीन' ही अट कागदात लिहून घ्यावी. अशी अट असून सांभाळ केला नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ती देणगी रद्द करून मागता येते. हे सर्व भाऊबहिणी समोर असताना करावे, लेकींनाही बोलावून करावे.

थोरामोठ्यांच्या घरीही हे चुकते. जॉर्ज फर्नांडिस यांना आपण ओळखतो. तारुण्यात धर्मगुरू होण्यासाठी गेलेला हा मंगळूरचा मुलगा मुंबईच्या कामगारांचा पुढारी झाला, देशाचा संरक्षणमंत्री झाला. अल्झायमरने त्यांना घेरले आणि त्यांची देखभाल कोणी करावी, त्यांना कोणी भेटावे, हा वाद 2010 साली न्यायालयात गेला. 29 जानेवारी 2019 रोजी ते गेले. आयुष्यभर ज्याचा आवाज देशाने ऐकला त्याला स्वतःच्या देखभालीविषयी शेवटी एक शब्द बोलता आला नाही. आपला शब्द वेळेवर सांगून ठेवावा तो यासाठी.

उपयोगी पडणारे काही

मनाच्या व मेंदूच्या आजाराविषयी विचारायचे असेल तर 14416 या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा रात्रंदिवस आहे. वृद्धांच्या छळाची तक्रार किंवा मदत यांसाठी 14567 हा क्रमांक आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 2024 पासून आयुष्मान योजनेत रुग्णालयात भरती होण्यासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याचे कार्ड आधीच काढून ठेवावे. केरळात 1992 साली सुरू झालेली अल्झायमर रुग्णांसाठीची भारतीय संस्था देशभर या कामात आहे. आणि घरी सांभाळणे खरोखर अशक्य झाले, तर चांगल्या आश्रमात ठेवणे हे पाप नव्हे. ठेवून विसरणे हे पाप आहे.

जे आज धडधाकट आहेत त्यांनीही ऐकावे. जगातील तज्ज्ञांच्या एका मंडळाने 2024 साली चौदा कारणे मांडली. ती आयुष्यभर आवरली तर या आजाराची जवळजवळ निम्मी प्रकरणे टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, बिडी-सिगारेट, दारू, ऐकू कमी येणे, दिसू कमी येणे, डोक्याला लागलेला मार आणि एकटेपणा ही त्यांतलीच आहेत. म्हणून रक्तदाब तपासा, कान तपासा, मोतीबिंदू काढा, मोटारसायकलवर हेल्मेट घाला, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला एकटे सोडू नका. शेवटचे औषध फुकट आहे आणि घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांनाही लागू पडते.

जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्ध यांचा जागतिक दिवस येतो. पोप फ्रान्सिस यांनी तो 2021 साली सुरू केला. त्या दिवशी आपण फुले देतो, फोटो काढतो. फुले अवश्य द्या, परंतु त्याच दिवशी पाळीची यादीही करा. खरिपाच्या पेरण्या तोवर आटोपलेल्या असतात. 21 सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, सोयाबीन काढणीला येत असते. तोवर प्रत्येक समूहाने एक तरी दार ठोठावलेले असावे. दार उघडणारी बाई थकलेली असेल आणि पहिल्यांदा 'काही नको, आमचे चालले आहे' असेच म्हणेल. तेव्हा परत फिरू नका. चप्पल काढा, आजोबांशेजारी बसा आणि शेंगांचे सूप पुढे ओढा.